माळाच्या पाण्याबद्दल कर्नेल काय म्हणाला

पत्रक लिहायला शिकताना मला एक गोष्ट बजावली होती. पहिल्या ओळीत काय झालं ते सांगायचं आणि कुणाचं झालं ते सांगायचं. वाचणारा टपरीवर उभा आहे, हातात कप आहे, त्याची बस लागायची आहे. त्याला प्रस्तावना नको. तर पहिली ओळ ही घ्या: आमच्या गावच्या माळावरच्या वस्तीची नळाची पाळी काढून घ्यायचं घाटत होतं, कारण ती वस्ती खोटं बोलते असं गावाचं मत झालं होतं. वस्ती खरं बोलत होती.

आता सावकाश सांगते.

आमचं गाव पालमच्या बाजूला, जिरायती पट्ट्यात. गावाला पाण्याची टाकी आहे. टाकीच्या पायथ्याशी लोखंडी चाकं आहेत, एकेक चाक एकेका आळीच्या पाइपाचं. ती फिरवणाऱ्या माणसाला लहानथोर सगळे मामा म्हणतात. वीज आली की मोटर चालते, टाकी भरली की मामा चाक फिरवतो, आणि वीज कधी येणार ते वीजच जाणे. त्यामुळे पूर्वी काय व्हायचं, तर ज्यांच्याकडं मामाचा नंबर, त्यांचे हौद आधी भरायचे. ज्यांनी मामाला चहा पाजला, त्यांना मामा आपण होऊन फोन करायचा. यात मामाचा दोष नव्हता. पाणी सुटल्याची खबरच जिथं खाजगी मालमत्ता होते, तिथं पाणीही खाजगीच होणार. हे वाक्य माझ्या पत्रकातलं आहे. मला ते अजून आवडतं.

ते पत्रक वाचून सरपंचकाकांनी मला चौकात गाठलं. म्हणाले, "पोरी, मागण्या लय झाल्या. एखादी करून दाखव की."

करून दाखवली. परभणीला कॉलेजात असताना आमचा तिघांचा गट होता. भंगारात निघालेला एक संगणक आणला, त्यावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली चढवली, बॅटरी जोडली आणि तो डबा ग्रामपंचायतीच्या कपाटावर ठेवला. टाकीजवळच्या प्रत्येक चाकाला एक खटका बसवला आणि तिथून वायर ओढली. डब्यात दोन प्रोग्राम. एकाचं नाव चाक: कुठलं चाक फिरलं ते तो बघतो. दुसरीचं नाव दवंडी: तिला निरोप मिळाला की ती पंचायतीच्या छतावरच्या भोंग्यातून ओरडते. चाक निरोप देतो, दवंडी ओरडते, सगळ्या गावाला एकाच वेळी कळतं. मामाचा चहा बंद झाला, तेवढं मामानं मला अजून माफ केलेलं नाही.

हे दोघं एकमेकांशी कसं बोलतात ते सांगायलाच पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिथंच आहे. दोघं एकाच डब्यात राहतात, तेव्हा इंटरनेट लागत नाही. डब्याच्या आतच एक दार असतं, दाराला नावाची पाटी असते. दवंडी दाराशी कान लावून बसते. चाक पाटी बघून दार ठोठावतो, दवंडी कडी काढते आणि दोघांमध्ये एक नळी जोडली जाते. मग कुणीतरी तोडेपर्यंत ती नळी तशीच राहते. दरवेळी नव्यानं ठोठावावं लागत नाही. याला लोकल सॉकेट म्हणतात. आमच्याकडं सॉकेट म्हणजे मोटरची पिन घालायचं भोक. तसं समजलात तरी चालेल.

दवंडीला आवाज तात्यांचा होता. तात्या म्हणजे गावचे जुने कोतवाल. जन्मभर त्यांनीच दवंडी दिली. आधी हलगीवर, मग नुसत्या गळ्यानं. शाळेच्या खोलीत खिडक्या लावून आम्ही त्यांचा आवाज भरून घेतला. "ऐका हो ऐका, वरच्या आळीचं पाणी सुटलं हो." मग मधल्या आळीचं. मधे एक खोकला आहे, तो आम्ही काढला नाही. पहिल्या दिवशी भोंग्यातून ते ऐकून वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "मेला, चाळीस वर्सं दारात येऊन वरडला, आता छपरावर चढलाय."

माळावरची वस्ती तेव्हा यात नव्हती. ओढ्यापलीकडं मेंढरं राखणारी घरं आहेत. तिथं पाइपच नव्हता. तो मिळावा म्हणून आम्ही पालमला तहसीलवर जाऊन बसलो, दोनदा मोर्चा नेला, पत्रकं छापून छापून माझी बोटं काळी झाली. शेवटी पाइप आला, टाकीला तिसरं चाक बसलं. पाइपाचं शेवटचं टोक, त्यामुळे पाणी येतं बारीक आणि थोडाच वेळ. पुरुष मेंढरांमागं लांब गेलेले, बायका खुरपायला. घरी राहतात त्या एक-दोन. त्यांनी हाक ऐकल्याबरोबर नळी लावली तर भांडी भरतात, नाहीतर बिनतोटीच्या नळातून पाणी सरळ ओढ्यात.

म्हणून या वस्तीला हाक सगळ्यात जास्त गरजेची. पण तोवर तात्या लेकीकडं जिंतूरला गेले होते, घशाचं काहीतरी निघालं होतं. त्यांच्या आवाजात माळाचं नाव नव्हतंच. मग वस्तीतल्याच एका वहिनीचा आवाज घेतला. माझ्याहून थोडी मोठी, शेळ्या वळवून वळवून गळा असा झालेला की ओढ्याकडून हाक मारली तर फाट्यावरची एसटी थांबते. तिन्ही चाकांच्या हाका तिच्या आवाजात भरल्या, नवी दवंडी तयार केली आणि पंचायतीच्या संगणक ऑपरेटरला ती सुरू करायला सांगून मी परभणीला परीक्षेला गेले.

परत आले तेव्हा भांडण पेटलेलं होतं.

वहिनी माझ्या दारात आली ती आत न येताच बोलायला लागली. "तुझ्या त्या डब्याला सांग, आमच्यासंगट मस्करी करू नको म्हणावं."

"काय झालं?"

"पाणी येतंय तवा गप बसायलाय. पाणी नसतंय तवा माज्याच आवाजात वरडायलाय. परवा सासूबाई घागर घेऊन पळत नळाला गेल्या. नळ कोरडा. काल ओढ्यात पाणी व्हायलंय, आन् भोंगा मुका."

"ऑपरेटरला सांगितलं का?"

"तीनदा. त्यो म्हनतो वाजतंय. वाजवून दावतो. वाजतंय बी. आता वरच्या आळीत म्हनायलेत, हिच्या आवाजाला पानी लागत न्हाई."

ते हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. वरच्या आळीतल्या लोकांनी ओढ्यात वाहणारं पाणी बघितलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: यंत्र हाक मारतं, हे लोक उठत नाहीत, पाणी वाया जातं, तर तिसऱ्या चाकाची पाळी आम्हाला द्या. सरपंचकाकांनी विषय ग्रामसभेपुढं घेतला होता. म्हणजे ज्या पाळीसाठी दोन मोर्चे काढले, ती एका सभेत जाणार. आणि जाणार ती आमच्याच डब्याच्या साक्षीवर.

मला जो राग आला तो कुणावर, ते मलाच कळेना. मला राग यायची एक जुनी जागा आहे. 'सर्व्हर डाऊन आहे.' दाखल्याला जा, अनुदानाला जा, रेशनला जा, खिडकीच्या आतून हेच उत्तर. कुठला सर्व्हर, कुणाचा, डाऊन म्हणजे कुठं पडला, विचारायची सोय नाही. माणूस पुन्हा एसटीत बसून घरी. मी यावर पत्रक काढलं होतं: यंत्र बंद का पडलं हे जाणून घेणं हा त्याच्यापुढं रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा हक्क आहे. लोक म्हणाले, पोरगी शिकली आणि वाया गेली. आता माझंच यंत्र, माझ्याच गावात, आणि उत्तर तेच: आमच्याकडून बरोबर आहे, तुमचंच काहीतरी चुकतंय.

दुपारी पंचायतीत गेले. ऑपरेटर हा माझ्याच शाळेतला, दोन वर्गांनी पुढं. स्वभावानं गरीब. मला बघून त्यानं खुर्ची सरकवली आणि न विचारता चाचणीची कमांड दिली. छतावरून वहिनीचा आवाज कडाडला, "माळाचं पाणी सुटलं हो, नळी लावा." मला वस्तीचं वाईट वाटलं. कुणीतरी पुन्हा घागर घेऊन पळालं असणार.

"बघ," तो म्हणाला. "वाजतंय का न्हाई?"

"आता मामाला तिसरं चाक खरंच फिरवायला सांग."

मामा टाकीवरच होता. त्यानं चाक फिरवलं. भोंगा गप्प.

ऑपरेटर डोकं खाजवायला लागला. दोन्ही प्रोग्राम आपापल्या नोंदी लिहीत असतात, त्या उघडल्या. चाकाची नोंद म्हणत होती: माळाचा निरोप पाठवला. नव्या दवंडीची नोंद म्हणत होती: मी तयार आहे, निरोप आलेला नाही. दोघंही इमानदार. गावातल्या भावाभावांच्या वादात असंच होतं. एक म्हणतो मी दिलं, दुसरा म्हणतो मला मिळालं नाही, आणि दोघंही देवाच्या पायावर हात ठेवायला तयार.

"बंद करून चालू करू का?" ऑपरेटरनं विचारलं. हात बटणाकडं गेलाच होता.

"हात लावू नको. साक्षीदाराला मारून तपास होत नसतो."

"मग इचारायचं कुणाला? दोगंबी आपापलं सांगायलेत."

"मधल्याला."

डब्यात जेवढे प्रोग्राम चालतात, त्या सगळ्यांच्या खाली कर्नेल असतो, म्हणजे लिनक्सचा गाभा. मेमरी तो वाटतो, वेळ तो वाटतो, आणि एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत नेतो तोही तोच. दार मागतो प्रोग्राम, पण बांधून देतो कर्नेल. नळी मागतो प्रोग्राम, जोडतो कर्नेल. म्हणून कोणत्या दाराशी कोण कान लावून बसलंय आणि कुणाची नळी कुठं गेली आहे, हे त्याला कुणाला विचारावं लागत नाही. ते त्याच्या हातातच असतं. आणि ते बाहेर सांगायची एक वाट त्याच्यात मुद्दाम ठेवलेली आहे. तुम्ही विचारा, तो सांगतो. त्याला बड्या अधिकाऱ्याचा पासवर्ड लागत नाही, साध्या लॉगिनला तो हेच उत्तर देतो. मला हे कॉलेजात पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी जेवायचं विसरले होते. सगळ्या कचेऱ्यांमध्ये असा एक माणूस बसवता आला तर माझ्या पत्रकांचं काम संपेल.

तो सांगतो ते तोकड्या इंग्रजी अक्षरांत. म्हणून मी तेव्हाच एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो कर्नेलला विचारतो आणि उत्तर मराठीत छापतो: कान लावून आहे, जोडलेला आहे, तुटला आहे. मित्र हसायचे. "कर्नेलला मराठी शिकवायलीस का?" म्हणायचे. मी म्हणायचे, त्याला नाही, आपल्याला वाचता यावं म्हणून.

तो डब्यात टाकला आणि चालवला.

पडद्यावर दवंडीच्या दाराची ओळ आली. पाटीवर नाव दवंडी, कान लावून आहे. तिच्या खाली अजून एक ओळ आली. पाटीवर नाव दवंडी, कान लावून आहे.

मी वाकून पुन्हा वाचलं. एका पाटीची दोन दारं.

पाटीवरचं नाव आपल्यासाठी असतं. खाली प्रत्येक दाराला आपला एक नंबर असतो, आणि पाटी काढून दुसऱ्या दाराला लावली तरी पहिल्याचा नंबर काही बदलत नाही. मी नंबर बघितले. दोन दारांचे दोन वेगळे. मग चाकाची नळी कुठल्या दाराला आहे ते बघितलं. जुन्या. नवी दवंडी सुरू झाली तेव्हा तिनं रीतीप्रमाणं जुन्या दाराची पाटी काढून आपल्या दारावर लावली. पण जुनी दवंडी आत जिवंत होती, तात्यांच्या आवाजासकट. पाटी नसल्यानं तिच्याकडं नवीन कुणी येत नव्हतं. पण चाकाची नळी आधीपासून जोडलेली होती, ती तशीच राहिली. ऑपरेटर चाचणी करायचा तेव्हा ती चाचणी पाटी बघून नव्यानं दार ठोठावायची, म्हणून नवीकडं जायची, आणि वहिनी ओरडायची. मामा चाक फिरवायचा तेव्हा निरोप जुन्या नळीतून तात्यांकडं जायचा. वरच्या, मधल्या आळीचा असेल तर तात्या ओरडायचे, आळ्या खूश. माळाचा असेल तर तात्या गप्प. त्यांच्याकडं माळाची हाकच नव्हती.

चाचणी कधीच चुकणार नव्हती. पाणी कधीच कळणार नव्हतं. आणि खोटी ठरणार होती वहिनी.

मी ऑपरेटरकडं बघितलं. "तू जुनी बंद केली नाहीस?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "नवी सुरू कर म्हनलीस. केली."

"आणि जुनी?"

"तात्या हाईत गं अजून."

"म्हणजे?"

"तात्या जिंतूरला दवाखान्यात. घशाचं दुखणं. आन् मी हितं बसून त्यांचा आवाज बंद करू? जित्या मानसाचा?" तो माझ्याकडं वळला. "माजी आई म्हनली, अजाबात हात लावू नको, वाईट असतंय. मला वाटलं दोगंबी बसतील. दोगं मिळून सांगतील. गावात दोन कोतवाल व्हते की पूर्वी."

माझ्या तोंडात लेक्चर तयार होतं. ते तोंडातच राहिलं. पत्रक लिहिणाऱ्याला गुन्हेगार लागतो, आणि इथं मला गुन्हेगार मिळेना. चाक खरं बोलत होता. नवी दवंडी खरी होती. मामा चाक फिरवत होता. आणि या माणसानं एका आजारी म्हाताऱ्याचा गळा दाबायला नकार दिला होता.

"आता करू का बंद?" त्यानं विचारलं.

"आता नाही. ग्रामसभेत. सगळ्यांसमोर."

"मला शिव्या घालशील."

"नाही घालणार."

"पत्रकात?"

"पत्रकातबी नाही."

ग्रामसभा शाळेच्या वऱ्हांड्यात भरली. वरच्या आळीचे लोक पुढं, वस्तीच्या बायका मागं भिंतीला टेकून, काम सोडून आलेल्या. वहिनी उभीच होती. शाळेचा प्रोजेक्टर मागून घेतला आणि डबा पंचायतीतून उचलून न आणता तिथूनच वायर ओढली. डबा हलवला असता तर कुणीतरी म्हणालं असतं, हिनं आत काहीतरी केलं.

वरच्या आळीतल्या एका काकांनी सुरुवातीलाच टाकलं, "आली पत्रकवाली. आज भिंतीवरच पत्रक."

"हो काका. आज फुकट सिनेमा."

भिंतीवर कर्नेलचं उत्तर उमटलं, मराठीत. मी फार बोलले नाही. दोन ओळी दाखवल्या, एकच पाटी, दोन नंबर. चाकाची नळी कुठं जाते ते बोट ठेवून दाखवलं. मग सांगितलं की चाचणी कुठं जाते आणि खरा निरोप कुठं जातो. दाराची, पाटीची भाषा कुणाला परकी नव्हती. बाप गेल्यावर दारावर थोरल्याचं नाव आणि चावी धाकट्याकडं, असली घरं गावात पुष्कळ.

सरपंचकाका म्हणाले, "म्हंजे खोटं कोन बोलत व्हतं? ते सांग."

"कुणीच नाही, काका. माळाच्या बायकापण नाही. हाक त्यांच्यापर्यंत गेलीच नाही."

"कशावरून? तू लिवलेला प्रोग्राम, तूच वाचनार."

प्रश्न बरोबर होता. मी ऑपरेटरला खुणावलं. त्यानं मामाला फोन लावला, मामानं टाकीवर तिसरं चाक फिरवलं. छतावर भोंगा गप्प. सगळ्यांनी ते गप्प ऐकलं. मागून वस्तीतली एक म्हातारी एवढंच म्हणाली, "हे बगा. हेच."

"आता जुनी बंद करायची आहे," मी म्हणाले. "तात्यांचा आवाज आहे तो. म्हणून त्यांनाच विचारू."

हे ठरवलेलं होतं. ऑपरेटरच्या आईसाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही. तात्यांच्या लेकीनं फोन उचलला, मग तात्या आले. घोगरा, बारीक आवाज. पण सभेत लगेच सगळे सरळ बसले. दवंडीची सवय.

मी सगळं सांगितलं. तात्यांनी मधे दोनदा पाणी मागितलं. मग म्हणाले, "बंद करा की. मी हितं चहा प्यायलोय. मला काय हुतंय?"

वऱ्हांड्यात हसू पसरलं. ऑपरेटरनं मान खाली घातली.

"आन् एक आईक, पोरी," तात्या म्हणाले. "मी कोतवाल व्हतो तवा बी माज्या दवंडीत माळ नव्हता. वड्यापोतर जायाचं आन् मागं फिरायचं. मला कुनी पुढं जा म्हनलं न्हाई, मी बी इचारलं न्हाई. तवा तुज्या डब्यातला तात्या गप बसला, त्यो बराबर माजाच."

पुढं बसलेल्यांतल्या एक-दोघांनी उगाच घसा खाकरला. मला त्यावर एक अख्खं पत्रक सुचलं, आणि मी ते त्या वेळी तरी गिळून टाकलं. तात्यांनी सांगितलं त्याच्यापुढं ते पुचाट झालं असतं.

ऑपरेटरनं जुनी दवंडी बंद केली. भिंतीवर खालची ओळ नाहीशी झाली. चाकाच्या ओळीपुढं क्षणभर दिसलं: तुटला आहे. नळी तुटली की पुन्हा पाटी बघून ठोठावायचं, एवढं चाकाला शिकवलेलं होतं. लगेच दिसलं: जोडलेला आहे. नंबर नव्या दाराचा. मी बोट ठेवायच्या आत पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी नंबर मोठ्यानं वाचला.

"चाक बंद करून पुन्हा फिरवा, मामा," ऑपरेटर फोनवर म्हणाला.

छतावरून वहिनीचा आवाज आला. "माळाचं पाणी सुटलं हो, नळी लावा."

सभेतले लोक मागं वळून तिच्याकडं बघायला लागले. आणि ती, खरीखुरी वहिनी, हाताची घडी घालून उभी. जागची हलली नाही. तिच्या शेजारच्याही हलल्या नाहीत.

"अहो जा की," मी म्हणाले. "पाणी आलंय."

"तिचं काय खरं हाय?" वहिनी म्हणाली. "लय दिसांपासून खोटं बोलायली ती."

स्वतःच्याच आवाजावर तिचा विश्वास उडाला होता. एवढ्या दिवसांत आम्ही तिचं काय करून ठेवलं, ते मला तेव्हा कळलं. कर्नेलच्या साक्षीनं सरपंच पटले, पुढची रांग पटली. जिची बाजू होती तीच पटायला तयार नव्हती. तिला भिंतीवरची ओळ नको होती. नळ हवा होता.

शेवटी तिच्या सासूबाई पुढं झाल्या. "मी जाऊन बगते. कोरडा असला तर येऊन ह्या पत्रकवालीच्या डोस्क्यावर घागर फोडते." आणि ओढ्याच्या वाटेला लागल्या. वहिनी त्यांच्या मागं, मग बाकीच्या, मग मी. सभा अर्धी उठून आमच्या मागं आली. विषय मंजूर-नामंजूर व्हायचा होता, पण नळ बघायचं कुणाला सोडवेना.

सासूबाईंनी नळाखाली घागर धरली ती पाणी भरायला म्हणून नाही, मी खोटी पडावी म्हणून. आधी नुसती हवा फुरफुरली. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. मग बारीक धार लागली, घागरीच्या तळाशी तिचा आवाज यायला लागला. आपली पितळी घागर कुठं ठेवली होती ते आठवून दोघी-तिघी घरांकडं पळाल्या. कुणीतरी प्लास्टिकची नळी ओढत आणली. वरच्या आळीतले ते टोमणेवाले काका ओढ्याच्या काठावर उभे राहून बघत होते. तेच म्हणाले, "धार लय बारीक हाय. ह्यांना जरा जास्त येळ सोडायला पायजे."

पुन्हा सभेत येऊन त्यांनीच तसं मांडलं. पाळी वस्तीकडंच राहिली, वेळ वाढला.

वरच्या आळीला मात्र तात्यांचा आवाज हवाच होता. त्यात काय अडचण. दवंडी एकच ठेवली, दारही एकच, आणि तिच्या आत दोघांचे आवाज घातले. वरच्या आणि मधल्या आळीला तात्या ओरडतात, खोकल्यासकट. तात्या बरे होऊन आले तेव्हा एकदा पंचायतीत येऊन बसले. म्हणाले, आता माळाचीबी हाक माझ्या गळ्यात भरून घ्या, राहून गेलीय. आम्ही वहिनीला विचारलं.

"भरा की. त्येंच्या समाधानाला," ती म्हणाली. "पर वाजवायची माजीच."

मी तो छोटा प्रोग्राम पंचायतीच्या पडद्यावर कायमचा लावून ठेवला आहे. आता कुणी तक्रार घेऊन आलं की ऑपरेटर चाचणी वाजवत नाही. आधी पडदा वळवून दाखवतो आणि म्हणतो, चला, नळी कुठं जायलीय ते बगू. वहिनीला वाचता येतं. परवा ती तिथं उभं राहून एकेक ओळ बोटानं वाचत होती, आणि मागं रांगेतला एकजण कुरकुरत होता. त्याला म्हणाली, "दम धर जरा. माजं दार हाय का बघायलेय."